आधीचं दुखणं

वांग्याच्या लोणच्याची बरणी वरच्या फळीवरून काढायला मनूचेहरने हात उंचावला आणि छातीच्या आत कुणीतरी मूठ आवळली. फार जोराने नाही. गर्दीत मागून येऊन कुणी खांद्यावर हात ठेवावा आणि ‘ओळखलंस का?’ म्हणावं, तशी. त्याने ओळखलं. बरणी धरून तो तसाच उभा राहिला, जणू काही तिच्यावरची अक्षरं वाचतो आहे. अक्षरं फारसीच होती, तरी त्यांचा अर्थ डोक्यापर्यंत पोचत नव्हता. दुकानात ताज्या रोटीचा, सुक्या लिंबांचा, मेथीच्या जुड्यांचा वास भरला होता. अगदी इराणातल्या त्याच्या रश्तच्या बाजारासारखा, फक्त त्यात मासळी नव्हती. त्याच्या मनात आलं, आज नको. अजून कार्ड आलेलं नाही.

गल्ल्यावरच्या माणसाने बरणी पिशवीत घातली आणि रिवाजाप्रमाणे म्हणाला, “राहू द्या आगा. तुमच्यापुढे पैशाची काय मातब्बरी!”

“छे छे, असं कसं?”

“खरंच सांगतो, दुकान तुमचंच आहे.”

“तुमची सावली कायम राहो. पण घ्याच.”

“पाहुण्याकडून घेऊ?”

एरवी मनूचेहर ह्या देवाणघेवाणीत दुसऱ्याच खेपेला ओशाळून जाई. आज त्याने ती मुद्दाम लांबवली, कारण तेवढा वेळ गल्ल्याच्या लाकडाला टेकून उभं राहता येत होतं. ह्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं आणि एकही खोटं नव्हतं. मुलगी लादन अशा वेळी बाजूला उभी राहून घड्याळ पाहायची. म्हणायची, “बाबा, इथे नाही म्हणजे नाही आणि हो म्हणजे हो. संपलं.” इतकी वर्षं ह्या देशात राहून तिला ते जमलं होतं. त्याला आता ह्या वयात ते शिकायचं होतं. भाषेपेक्षा ते अवघड होतं.

बाहेर बसथांब्याच्या बाकावर बसून त्याने चष्म्याचं घर उघडलं. चष्म्याखालच्या मखमली कापडात गोळ्या होत्या. जिभेखाली ठेवायची छोटी गोळी वेगळी आणि रोजच्या वेगळ्या. रोजच्या आता अर्ध्या केलेल्या. रश्तहून निघताना बायकोने, फरंगीसने, त्या कुलूच्यांच्या डब्यात, बिस्किटांच्या थरांखाली भरून आणल्या होत्या. त्या कार्ड मिळेपर्यंत पुरायला हव्या होत्या, म्हणून तो त्या स्वयंपाकघरातल्या सुरीने अर्ध्या करत होता. अर्ध्या गोळीने हृदय अर्धंच बरं राहत असेल का, असा प्रश्न त्याला पडे. आयुष्यभर त्याने शाळेत भूगोल शिकवला. शरीराचा विषय दुसऱ्या शिक्षकाकडे होता. समोरच्या चढावर चेरीची झाडं नको इतकी फुलली होती. त्या चढाच्या टोकाला लादनचं घर. वर्गाच्या भिंतीवरच्या नकाशात हा चढ कधी दिसला नव्हता. कॅनडातलं कोक्विटलम हे गावच मुळी नकाशात नव्हतं. त्याच्या छडीचं टोक व्हँकूव्हरवर टेकायचं आणि तिथून सरळ महासागरात शिरायचं. जिभेखालची गोळी विरघळली. मूठ सैल झाली. दोन बस आल्या आणि गेल्या. चढावरून पायी येणारा माणूस म्हणून ज्याची घरात वाहवा व्हायची, तो मनूचेहर तिसऱ्या बसमध्ये चढला.

चूक हिवाळ्यात झाली होती. ते दोघं नुकतेच येऊन पोचले होते. बॅगाही पुरत्या उघडल्या नव्हत्या. लादन जेवणाच्या टेबलावर संगणक उघडून बसली होती. सरकारी आरोग्य कार्ड नव्या माणसाला लगेच मिळत नाही, येण्याचा महिना आणि वर आणखी दोन जाऊ द्यावे लागतात, तोवर खाजगी विमा घ्यावा, असं ती सांगत होती. दातांच्या दवाखान्यात काम करून आलेली, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं. तिच्याकडे पाहताना मनूचेहरच्या मनात येत होतं, ही इतकी बारीक केव्हा झाली? “विमावाले विचारतायत,” ती म्हणाली, “बाबा, आधीचं काही दुखणं? रक्तदाब, हृदय, काही?” फरंगीस चहाचे पेले विसळत होती. तिचे हात पाण्यात थांबले. ते त्याला पाठीकडूनही कळलं. आणि तो म्हणाला, “दुखणं एकच. तुझ्या आईची जीभ. पण ते लग्नाआधी ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते नंतरचं धरायचं.” लादन खळखळून हसली. इथे आल्यावर प्रथमच. त्या हसण्यासाठी त्याने काहीही केलं असतं. “म्हणजे नाही,” ती म्हणाली आणि बोट दाबलं. टक्. एवढासाच आवाज. मग तिने खाली आपलं नाव घातलं.

परदेशातल्या मुलांना वाईट बातमी सांगायची नाही, हा नियम त्यांच्याकडे कुठे लिहिलेला नव्हता आणि सगळे तो पाळत होते. फरंगीसचा मावसभाऊ जर्मनीत होता. त्याची आई वारल्यावर सबंध वर्षभर घरच्यांनी त्याला फोनवर थोपवून धरलं. आई झोपलीय, आई अंघोळीला गेलीय, आई शेजारच्या लग्नात आहे. शेवटी तोच म्हणाला, “शेजारी इतकी लग्नं आहेत, म्हणजे आई गेलेली दिसते.” ही गोष्ट सांगून सगळे हसत आणि हसून झाल्यावर डोळे पुसत. दूरच्या माणसाला दुःख कळून उपयोग काय? तो येऊ शकत नाही, हात धरू शकत नाही. रात्रभर परक्या शहरात एकटा भिंतीकडे बघत बसणार. म्हणून दोन वर्षांपूर्वी, नवरोजच्या आधी, अंगणातल्या नारिंगाच्या झाडाखाली मनूचेहर कोसळला आणि रश्तच्या इस्पितळात दाखल झाला, तेव्हा लादनला काही कळवायचं नाही, हे ठरवावंही लागलं नाही. ते ठरलेलंच होतं.

पण नवरोजला तिचा फोन येणार, तो कसा चुकवायचा? वर्ष पालटलं त्या घटकेला फरंगीसने बुरख्याआडून आत आणलेला फोन त्याच्या कानाला लावला. नाकाशी नळी होती, आणि उशाशी भिंतीवर पाण्याची बाटली, जिच्यातून प्राणवायू बुडबुडत येत होता. “बाबा, नवं वर्ष मुबारक! कुठे आहात? तो कसला आवाज?” त्याने बाटलीकडे पाहिलं. “समुद्र,” तो म्हणाला. “अंझलीला आलोय. तुझ्या आईने हट्ट धरला.” पलीकडून ती म्हणाली, “पाणी कसं आहे?” “थंड. पण छान.” “बाबा, फोन जरा पाण्याजवळ धरा ना. मला ऐकू दे.” आणि फरंगीसने, ओठ दातांत दाबून, फोन त्या बाटलीजवळ धरला. किती वेळ, ते त्याला आठवत नव्हतं. बुडबुडे येत राहिले. हजारो मैलांवर मुलगी डोळे मिटून आपल्या बापाचा श्वास ऐकत राहिली आणि तिला वाटत राहिलं, कास्पियनच्या लाटा.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण ती आजची मुलगी, तिने तो आवाज आपल्या फोनमध्ये साठवून ठेवला होता. इथे आल्यावर त्यांना पहिल्याच आठवड्यात ते कळलं. झोपायला जाताना तिच्या खोलीच्या दाराखालून तो यायचा. “माझ्याकडे अंझली आहे,” ती सकाळी कौतुकाने म्हणाली. “तो लावल्याशिवाय झोपच लागत नाही मला.” फरंगीस उठून बेसिनपाशी गेली. तेव्हापासून रोज झोपताना, भिंतीपलीकडून, मनूचेहरला आपलंच ते आजारपण ऐकू यायचं. तो अंथरुणात पडून छाताडावर हात ठेवायचा. खाली एक हृदय, भिंतीपलीकडे दुसरं, जुनं. ह्यातलं आधीचं कुठलं आणि आत्ताचं कुठलं?

विम्याची भानगड त्याला पुरती कळली ती ग्रंथालयात. कुठल्याही गावी गेला की तो आधी पुस्तकं कुठे आहेत ते शोधायचा. इथल्या ग्रंथालयात फारसीचं एक अख्खं कपाट होतं, आणि शेजारच्या खोलीत नव्या माणसांना इथली व्यवस्था समजावून सांगणारी खानम मोअय्यद. पन्नाशीची, तेहरानची, मोठ्या आवाजाची. त्या दिवशी विषय आरोग्याचा होता. मनूचेहर मागच्या खुर्चीवर पुस्तक आड धरून बसला. “नीट ऐका,” ती सांगत होती, “सरकारी कार्ड तुम्हांला काय झालंय ते विचारत नाही, तुम्ही इथे राहता का ते विचारतं. पण ते थांबायला लावतं. खाजगी विमा थांबवत नाही, पण तो तुमचा इतिहास काढतो. आधीचं दुखणं असेल तर त्याचे पैसे तो देणार नाही. आणि लपवलं असेल, तर मोडलेल्या करंगळीचेही देणार नाही. बिल येईल घरी. ज्याने सही केली त्याच्या नावावर.”

मनूचेहरने पुस्तक खाली केलं. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. “माझा एक मित्र आहे.”

पुढच्या रांगेतला बहमन नावाचा टॅक्सीवाला वळला. “मित्राचं वय काय, आगा?”

“साधारण… माझ्याएवढंच.”

“आणि तोही रश्तचा?”

“हो. म्हणजे, जवळपासचा.”

सगळे हसले, पण दुष्टपणे नव्हे. त्या खोलीतल्या प्रत्येकाचा असा एक मित्र होता. खानम मोअय्यद मात्र हसली नाही. “तुमच्या मित्राला काय विचारायचंय?”

“तो म्हणतो, पहिल्या तारखेपर्यंत थांबलं तर? पहिल्या तारखेला कार्ड सुरू होतं. मग कुणी काही विचारणार नाही.”

“मित्राला सांगा, कार्ड माणसासाठी असतं, माणूस कार्डासाठी नसतो. छातीत काही झालं तर त्याच घटकेला इस्पितळात जायचं. दारातून कुणी हाकलत नाही. पैशाचं मागून बघू. हप्ते करता येतात, अर्ज करता येतात, मी स्वतः बसून भरून देते. मेलेल्या माणसाचा अर्ज भरता येत नाही.”

“तो फार भिडस्त आहे,” मनूचेहर म्हणाला.

“ते दिसतंच आहे,” बहमन म्हणाला, आणि बाहेर पडताना टॅक्सीने सोडू का म्हणून तीनदा विचारलं. मनूचेहरने तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा विचारलं असतं तर तो बसला असता.

तेव्हापासून त्याच्या मनात एक नकाशा तयार झाला होता. एका बाजूला खाजगी विम्याचा किनारा, जिथून त्याला खरं तर केव्हाच हाकललेलं होतं, फक्त कुणाला ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या बाजूला सरकारी कार्डाचा किनारा. मधे एक सामुद्रधुनी, आणि तिच्यात हा, अर्ध्या गोळ्यांवर तरंगत. त्याला मरणाची तितकीशी भीती वाटत नव्हती, निदान त्याने तसं मानून घेतलं होतं. त्याला भीती होती ती लादनच्या त्या बोटाची. टक्. तिने विश्वासाने दाबलेल्या बोटाची. बिल आलं तर ती ते आयुष्यभर फेडेल, एक शब्द बोलणार नाही, आणखी बारीक होईल. आणि ते बुडबुडे? बिल फेडता येईल. पण रोज ज्या समुद्राच्या काठी ती झोपते, तो समुद्रच नव्हता, हे तिला कसं सांगायचं? आपण हे तिच्यासाठी लपवतोय की आपल्यासाठी? बाकावर बसून गोळी विरघळायची वाट बघताना हा प्रश्न अनेकदा त्याच्या शेजारी येऊन बसला होता. त्याने कधी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

लोणच्याची पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा फरंगीसने एकदा त्याच्या ओठांकडे पाहिलं. लादन कामावर होती.

“बसने आलात.”

“पाय दुखत होते.”

“पाय?” तिने बरणी बाहेर काढली, झाकण घट्ट आहे का पाहिलं, तशीच ठेवली. “मी आज तिला सांगणार.”

“पहिली तारीख होऊ दे, फरंगीस. आता आलीच.”

“तुमच्या छातीला तारीख वाचता येते का?”

“आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं.”

“ठरवलं होतं ते ती लांब होती म्हणून. आता ती कुठे लांब आहे? पलीकडच्या खोलीत आहे.” तिचा आवाज फाटला. “मी तो फोन त्या बाटलीशी धरला होता, मनूचेहर. माझ्या हाताने. रोज झोपताना मला वाटतं, उठावं आणि तिच्या दारावर धडका द्याव्यात.”

तिचं म्हणणं त्याला पटलं होतं, आणि पटलेल्या गोष्टीपुढे तो नेहमीच अधिक गप्प व्हायचा. नकाशावर अंतर असतं तोवर खोटं बोलणं म्हणजे माया. अंतर संपल्यावर त्याच खोट्याचं काय होतं? भूगोलाच्या कुठल्याच पुस्तकात ह्याचं उत्तर नव्हतं. “रविवारी सांगू,” तो शेवटी म्हणाला. “तिला सुट्टी असते.”

रविवारी सकाळी लादन भाजलेली वांगी सोलत होती, मिर्झा कासमी नावाच्या भरतासाठी. बोटं काळी झालेली, धुराचा आणि लसणाचा वास घरभर, खिडकी उघडी. मनूचेहर समोर बसून लसूण निवडत होता आणि वाक्य जुळवत होता. ‘लादन जान, एक सांगायचं राहिलं.’ नको, ‘राहिलं’ नको. ‘लादन जान, ते अंझलीचं…’ वाक्याच्या मधोमध मूठ आली. ह्या वेळी ती ओळख विचारायला आलीच नव्हती. लसणाच्या पाकळ्या टेबलावरून खाली घरंगळल्या. त्या त्याला फार सावकाश पडताना दिसल्या. त्याने लादनचा चेहरा पाहिला, तिची काळी बोटं आपल्या सदऱ्यावर पाहिली. सदरा खराब होईल, असं त्याच्या मनात आलं. “काही नाही,” तो म्हणाला. “जरा वारा लागला. परवा पहिली… परवा जाऊ आपण.”

“परवा काय आहे? बाबा! आई, गाडीची किल्ली दे!”

पुढचं त्याला तुकड्यांनी कळलं. चेरीच्या पाकळ्या काचेवर. फरंगीसच्या हातातला चष्मा, आणि त्याचं घर, जे तिने उघडलं होतं. जिभेखाली कडवट चव. इस्पितळाच्या दारातली बाई कार्ड मागते आहे आणि लादन विम्याचा कागद पुढे करते आहे. कुणी हाकललं नाही, तेवढं त्याच्या ध्यानात आलं. मग पांढरा दिवा, छातीवर चिकट बटणं, नाकाशी नळी. परिचारिकेने भिंतीवरची कळ फिरवली आणि उशाशी बाटलीत पाणी बोलू लागलं.

तोच आवाज. मनूचेहरने डोळे मिटून घेतले. वाटलं, आपण रश्तलाच आहोत, आणि मधलं सगळं, विमान, चढ, बाक, नुसती ग्लानी. उघडले, तर लादन समोर उभी होती. फरंगीसला आत सोडलं नव्हतं. भाषा सांगायला एकजण पुरे म्हणून मुलगी आत आली होती. तिची नजर त्याच्यावर नव्हती. ती बाटलीकडे बघत होती.

लहानखुऱ्या बांध्याची डॉक्टर आली आणि भरभर काही विचारलं. लादनने ऐकलं. तिने ते लगेच फारसीत सांगितलं नाही. बाटलीकडे बघतच, हलक्या आवाजात म्हणाली, “त्या विचारतायत, ह्याआधी कधी हृदयाचं काही झालं होतं का?”

आता. हेच ते दार. खरं बोललं तर ते कागदावर जाईल, कागद विमावाल्यांकडे जाईल, टक्, आणि सगळं हिच्या डोक्यावर. दोन दिवस. दोन दिवसांनी पहिली तारीख हुकली होती. त्याने लादनची काळी बोटं पाहिली. त्याच्या अंगात होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून तो म्हणाला, “नाही. कधीच नाही. सांग त्यांना, आधी कधीच नाही.”

बुडबुडे येत राहिले. डॉक्टर लादनकडे बघत होती. लादनने बाटलीवरची नजर काढली आणि बापाकडे पाहिलं, फार वेळ, नकाशावरच्या एखाद्या गावाच्या नावाकडे पाहावं तसं, जे आपण इतकी वर्षं चुकीच्या जागी वाचत आलो. मग ती डॉक्टरकडे वळली आणि म्हणाली, “हो.”

तेवढं इंग्रजी त्याला येत होतं. तो उठू पाहत होता, पण तारांनी त्याला धरून ठेवलं. ती पुढेही बोलत होती. दोन वर्षं, हे कळलं. नवरोज, हे कळलं. आईकडून घेतलेलं चष्म्याचं घर तिने खिशातून काढून डॉक्टरच्या हातात दिलं, त्या अर्ध्या गोळ्यांसकट. डॉक्टर भराभर सूचना देत निघून गेली. कुणीतरी त्याच्या दंडात सुई टोचली.

“लादन,” तो कसाबसा म्हणाला, “अगं, विमा… तू सही केली आहेस…”

“गप्प राहा, बाबा. मी सगळी कलमं वाचलीत. मला ठाऊक आहे.”

“तुझं हसू… त्या दिवशी तू हसलीस म्हणून मी…”

“गप्प राहा म्हटलं ना.”

तिने खुर्ची ओढली आणि अगदी उशाशी, बाटलीखाली बसली. त्याला वाटलं, ती आता रडेल, किंवा ओरडेल, आणि दोन्हींची त्याने तयारी केली. तिने डोकं गादीच्या कडेवर टेकवलं, डोळे मिटले आणि ऐकत राहिली. वांग्याचा धूर अजून तिच्या केसांना होता. बऱ्याच वेळाने, डोळे न उघडता, तिने विचारलं:

“पाणी कसं आहे?”

थंड, पण छान, हे शब्द त्याच्या ओठांवर आपसूक आले. तिथेच ते थांबले. त्याने हात सरकवून तिच्या केसांवर ठेवला.

“दुखतंय गं,” मनूचेहर म्हणाला. “फार दुखतंय.”